बोर्ड एका बाजूला ओढतो, वेगात थरथरतो? फळीची लांबी बदलण्याआधी हे तपासा

स्केटबोर्ड एका अंगाला ओढायला लागला, वळायचं नाव घेईना किंवा उतारावर पायाखाली थरथरायला लागला की संशय पहिल्यांदा फळीच्या लांबीवर जातो. 'एकतीस इंची घेतला तिथंच चुकलं.' मग मोठा बोर्ड येतो, जुनेच ट्रक (फळीखाली चाकं धरणारे धातूचे जोड) आणि चाकं त्याला लागतात आणि आठवड्याभरात दुखणं परत हजर.

या समजुतीचं मूळ बऱ्याचदा बर्फावरच्या स्नोस्केटच्या व्हिडिओत असतं. स्नोस्केटवर पाय बांधलेले नसतात, म्हणून तो स्केटबोर्डचा भाऊ वाटतो. त्याच्या दुमजली प्रकारात फळीखाली चाकांऐवजी एक अरुंद स्की असते. तिथं लांबीला खरोखर किंमत आहे. माणूस वजनदार आणि बर्फ भुसभुशीत असेल तर स्की लांब हवी, नाहीतर ती रुतते. डांबरात काही रुतत नाही. रस्त्यावर वजनाचा भार फळीची लांबी पेलत नाही, तो ट्रकमधला बुश, म्हणजे आतला युरेथेनचा गोळा पेलतो. म्हणून या यादीत लांबी सगळ्यात शेवटी आहे.

आधी लक्षण ओळखा

- सरळ ढकलला तरी बोर्ड एकाच कडेला जातो: चाक, बेअरिंग, अ‍ॅक्सल, एका अंगाला दबलेला बुश किंवा पीळ बसलेली फळी.
- पायाने झुकवला तरी वळत नाही, खेकड्यासारखा तिरका सरकतो: एक ट्रक उलटा बसलाय.
- जोरात वळताना गपकन थांबतो आणि फळीच्या पोटावर चाकाच्या जागी घासल्याचा डाग दिसतो: चाक फळीला लागतंय.
- हळू चालवताना ठीक, वेग आला की डावी-उजवीकडे थरथर: बुश, ढिले नट किंवा मागच्या पायावर टाकलेलं वजन.
- वळताना किर्रकिर्र: पिव्हट कप (ट्रकचं टोक ज्यात बसतं ती वाटी) कोरडा. चाक फिरताना करकर: बेअरिंगमध्ये माती.
- बोर्ड सरळ जातो, पण पाय झिणझिणतात आणि बारक्या खडीवर तो अडतो: काही बिघडलेलं नाही, चाकं या रस्त्यासाठी कडक आहेत.

शेवटच्या लक्षणासाठी पुढचं सगळं करत बसू नका. ९९ए किंवा १०१ए कडकपणाची (आकडा मोठा तेवढं चाक कडक) ५२-५४ मिलिमीटरची चाकं गुळगुळीत काँक्रीटसाठी असतात. आपल्याकडच्या वर आलेल्या खडीच्या डांबरावर ७८ए ते ८५ए ची, ६० मिलिमीटरच्या आसपासची चाकं लावली की विषय संपला.

हत्यारं

स्केटबोर्डचे नट इंची मापाचे असतात. चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट अर्धा इंच, किंगपिनचा (ट्रकच्या मधल्या जाड बोल्टचा) नऊ-सोळांश, फळीच्या बोल्टांचे नट तीन-अष्टमांश. दुचाकीच्या मेकॅनिककडचा १३ चा पाना अ‍ॅक्सलच्या नटावर थोडा सैल बसतो, पण काम होतं. किंगपिनवर मात्र १४ चढत नाही आणि १५ घसरून कोपरे खातो. तेवढा एक इंची पाना विकत घ्या. फळीच्या बोल्टचा नट हरवला तर पाच मिलिमीटरचा नट त्यावर चढतो, म्हणून फसायला होतं. त्याची पकड अपुरी असते आणि दहा-बारा दणक्यांत तो उतरतो.

१. फरशीची परीक्षा (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

बोर्ड हॉलच्या फरशीवर ठेवा, वर कोणी उभं न राहता हलकेच ढकला आणि कुठल्या भिंतीकडे जातो ते बघा. मग बोर्ड आहे त्याच जागी तोंड फिरवून ठेवा, म्हणजे शेपटीची बाजू पुढे, आणि पुन्हा त्याच दिशेने ढकला. दोन्ही वेळा त्याच भिंतीकडे गेला तर दोष फरशीच्या उताराचा. आपल्या घरांत फरशीला मोरीकडे ढाळ दिलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही पण चाकाला कळतो. दुसऱ्या वेळी विरुद्ध बाजूच्या भिंतीकडे गेला, म्हणजेच फळीच्या त्याच कडेकडे ओढला, तर दोष बोर्डात आहे.

ही परीक्षा रस्त्यावर करू नका. डांबरी रस्ता पाणी निघून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात. त्यामुळे डाव्या कडेने चालवलेला प्रत्येक बोर्ड डावीकडे ओढतो, आणि या एका गोष्टीपायी कित्येक चांगले ट्रक विनाकारण बदलले जातात.

२. नट आणि बोल्ट

फळीचे आठही बोल्ट तपासा. खडीवरच्या हादऱ्याने ते सैल होतात आणि ट्रकची तळपट्टी फळीवर केसभर सरकायला लागते. पायाला ती थरथर वाटते. बोल्ट तिरक्या क्रमाने आवळा, म्हणजे पट्टी एका कोपऱ्यावर उचलली जाणार नाही. डोकं फळीच्या पृष्ठभागाच्या पातळीला आलं की पुरे. त्याहून आवळलं तर वरचा थर चिरतो.

मग चाकांचे नट. इथं उलटी चूक होते: नट करकचून आवळलेला असतो, बेअरिंग दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि ते एक चाक ब्रेक लावल्यासारखं चालतं. बोर्ड त्या चाकाकडे ओढणारच. नट पूर्ण आवळा, मग पाव फेरा मागे घ्या. चाक हाताने आत-बाहेर हलवल्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास प्ले जाणवला पाहिजे. नटातला नायलॉनचा कडा झिजला असेल तर नट बदला, नाहीतर चाक रस्त्यात निघून जाईल.

अ‍ॅक्सलवरचा क्रम असा हवा: बारीक वायसर, चाक (आत दोन बेअरिंग आणि त्यांच्यामधे नळीसारखा स्पेसर), पुन्हा वायसर, नट. वायसर नसेल तर नट बेअरिंगच्या पत्र्यावर घासतो. चाकं घरी काढली-घातली की हे चिमुकले वायसर सगळ्यात आधी हरवतात. काढताना जुन्या वाटीत ठेवा.

३. ट्रकचं तोंड

बोर्ड उलटा करा. साध्या छोट्या बोर्डावर दोन्ही ट्रकचे किंगपिन, म्हणजे मधले जाड बोल्ट, एकमेकांकडे तोंड करून असतात. लाँगबोर्डच्या उलट-किंगपिन ट्रकमध्ये ते बाहेर, नाकाकडे आणि शेपटीकडे बघतात. एकच ट्रक उलटा बसला तर झुकवल्यावर पुढची आणि मागची चाकं एकाच दिशेने वळतात आणि बोर्ड वळण्याऐवजी तिरका सरकतो. बोर्ड घरी उघडून साफ केल्यानंतर 'अचानक' आलेल्या दोषात हे कारण पहिल्या क्रमांकाचं. चार बोल्ट काढा, ट्रक फिरवा, लावा.

४. बेअरिंग आणि चाकं

एकेक चाक बोटाने फिरवा आणि कान जवळ न्या. किती वेळ फिरतं यापेक्षा कसं थांबतं ते बघा. हळूहळू थांबलं तर ठीक. कचकन अडून थांबलं तर छर्‍यांमध्ये कचरा आहे.

कुठलं चाक दोषी हे सापडत नसेल तर पुढच्या ट्रकचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे घाला. ओढ बदलून दुसऱ्या कडेला गेली तर दोष त्या जोडीत. तशीच राहिली तर मागच्या जोडीवर हाच प्रयोग. तरी तशीच राहिली तर चाकांना सोडा, पुढे चला.

आपल्या भागात बेअरिंग लवकर मरतं त्याला ठोस कारणं आहेत. कासच्या बाजूला जांभ्याची तांबडी धूळ, नदीकाठच्या गावांत काळी माती, गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांबरोबर रस्त्यावर आलेला चिखल, आणि पावसाळ्यात साताऱ्याची ती न थांबणारी झिमझिम. ओल्या रस्त्यावर चालवलेला बोर्ड तसाच कोपऱ्यात उभा केला तर दोन दिवसांत छर्‍यांवर गंज धरतो.

सफाई अशी करा. चाक अ‍ॅक्सलच्या टोकावर तिरकं अडकवून पिळलं की बेअरिंग बाहेर येतं. कडेची पातळ तारेची कडी सुईने उचलली की पत्रा निघतो. झाकण रबरी असेल तर ते सुईने अलगद उचलतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून खळखळवा, दोनदा. फडक्यावर पालथं ठेवून पूर्ण वाळू द्या. मग शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

खोबरेल घालू नका. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि साताऱ्याच्या हिवाळ्यातली कुठलीही सकाळ त्याच्या खाली असते. गंज सोडवणारा स्प्रे धुवायला चालतो, वंगण म्हणून टिकत नाही. तो जुनं तेल धुऊन नेतो आणि बेअरिंग कोरडं सोडतो.

साफ करूनही करकर राहिली तर आत खड्डे पडलेत, बेअरिंग बदला. माप ६०८: आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर. इनलाइन स्केटलाही हेच लागतं, त्यामुळे स्केटिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं, आणि कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीजवळच्या बेअरिंगच्या दुकानातही. आपल्या रस्त्यांसाठी दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं मागा.

५. पिव्हट कप आणि बुश

खरी गंमत इथं आहे. वेगातली थरथर बहुतेक वेळा इथंच सापडते.

किंगपिनचा नट काढा आणि सुटे होतील ते भाग त्याच क्रमाने कागदावर मांडा. फोटोही काढून ठेवा. हँगरचं (ट्रकच्या अ‍ॅक्सल धरणाऱ्या भागाचं) निमुळतं टोक ज्या छोट्या वाटीत बसतं तो पिव्हट कप. तो फाटला किंवा अंडाकृती झाला असेल तर हँगर त्यात हलतो आणि कितीही आवळलं तरी थरथर जात नाही. नुसता कोरडा असेल तर अंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस आत दाबा, किर्रकिर्र बंद.

बुश म्हणजे किंगपिनवरचे दोन युरेथेनचे गोळे. फळीकडचा नळकांड्यासारखा, रस्त्याकडचा बहुधा शंकूसारखा. दोन्ही बाहेर काढून ओट्याच्या ग्रॅनाइटवर उभे करा. चांगला बुश ताठ उभा राहतो. एका अंगाला दबलेला झुकतो, आणि बोर्डही त्याच अंगाला ओढत असतो. कडेला बारीक भेगा, तुकडे निघालेले दिसले तर जोडीच बदला, एकटा बदलू नका.

कडकपणा वजनावर ठरतो. ५० किलोच्या आतल्या मुलाला ८० ते ८५ए, ५० ते ७० किलोला ८७ ते ९०ए, त्यावर ९२ए आणि पुढे, अशी सुरुवात करा आणि मग पायाला विचारा. तयार बोर्डबरोबर बहुतेकदा ९०ए च्या आसपासचे येतात. म्हणूनच एकाच बोर्डावर बारकं पोर 'वळत नाही' म्हणतं आणि त्याचा काका 'डगमगतो' म्हणतो. दोघंही खरं बोलतात आणि लांबीचा त्यात काही संबंध नसतो.

नट किती आवळायचा? वायसर बुशला टेकून हाताने हलेनासा झाला की तिथून अर्धा ते एक फेरा. दीड फेऱ्यानंतरही थरथर राहत असेल तर आणखी आवळू नका. बुश चेपून बाहेर फुगतो, बोर्ड वळणं सोडतो आणि मग एकदम वळतो. तिथं कडक बुश हवा. उलट सैल करताना किंगपिनचं टोक नटाच्या नायलॉनमधून बाहेर दिसलंच पाहिजे. टोक आत गेलं असेल तर तो नट कधीही उतरेल.

६. थरथरीचा व्हिडिओ काढा

दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून लांबी ठरवण्यापेक्षा स्वतःचा एक काढा. सपाट, रिकामी, वाहनं नसलेली जागा घ्या. फोन जमिनीवर विटेला टेकवून ठेवा, स्लो मोशन लावा आणि मित्राला कॅमेऱ्यापासून सरळ दूर जाऊ द्या, म्हणजे मागची चाकं समोर दिसतील. मग एकदा कॅमेऱ्याकडे येऊ द्या.

आधी मागचा ट्रक शेपटी हलवल्यासारखा करत असेल तर वजन मागच्या पायावर आहे. घाबरलेला माणूस मागे रेलतो, आणि मागचा ट्रक बोर्डला मागून वळवायला लागतो. वजन निम्म्याहून जास्त पुढच्या पायावर, गुडघे वाकलेले, मागचा नट पुढच्यापेक्षा पाव फेरा घट्ट, एवढ्यानं सुटतं. दोन्ही ट्रक एकदम हलत असतील तर परत पाचव्या तपासणीवर या.

चालू थरथरीत पाय ताठ करू नका आणि उडीही मारू नका. खाली बसतं व्हा, वजन पुढे घ्या, वेग आपोआप मरू द्या. यवतेश्वरच्या घाटात हे करून बघायचं नाही. समोरून एसटी येते, वळणापलीकडचं दिसत नाही आणि पावसात दरडीची खडी रस्त्यावर असते. चाक खडीला अडलं तर कुठलाही बुश वाचवत नाही.

७. फळी आणि हँगर सरळ आहेत का?

बोर्ड उलटा ठेवा. पुढच्या दोन चाकांवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवा, मागच्या दोनांवर दुसरी. शेपटीकडून खाली वाकून एका डोळ्याने बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. सुतार चौकटीतला पीळ असाच बघतात. एक पट्टी तिरकी दिसली तर पुढचा ट्रक मागे आणि मागचा पुढे लावून परत बघा. तिरकेपणा ट्रकबरोबर गेला तर हँगर किंवा बुश. जागेवर राहिला तर फळी पिळली आहे. गच्चीवर उन्हात किंवा पावसाच्या ओलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्या अशा पिळतात. वजन ठेवून सरळ करायला जाऊ नका, त्या परत फिरतात.

चाक फळीला लागत असेल तर ट्रक आणि फळीच्या मधे ३ मिलिमीटरचा रायझर, म्हणजे उंची वाढवणारी चकती टाका. बोल्ट मात्र एक इंचाचे काढून सव्वा इंचाचे घाला, नाहीतर नटाला पूर्ण आटे मिळत नाहीत.

८. आता लांबी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच टेप घ्या. आणि नाकापासून शेपटीपर्यंत नव्हे, पुढच्या ट्रकच्या आतल्या बोल्टांपासून मागच्या ट्रकच्या आतल्या बोल्टांपर्यंत मोजा. हा व्हीलबेस. वळण आणि स्थैर्य तो ठरवतो. वेबसाइटवर ठळक छापलेली एकूण लांबी नाही. नाक आणि शेपूट हवेत असतात, ती लांब असली म्हणून बोर्ड स्थिर होत नाही.

साध्या ३१-३२ इंची बोर्डचा व्हीलबेस १४ ते १४.५ इंच असतो. मोठ्या माणसांच्या बोर्डांत लांबी फारशी बदलत नाही, बदलते ती रुंदी, आणि ती बुटावर घ्यायची: ६ ते ८ नंबरच्या बुटाला ८ ते ८.२५ इंच, ९ च्या पुढे ८.५. बोटं आणि टाच फळीबाहेर फार लोंबली तर झुकवताना जोर जास्त लागतो आणि माणूस म्हणतो बोर्ड कडक आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला २८-२९ इंची, ७ ते ७.५ रुंद. 'वाढत्या अंगाचा' म्हणून मोठा घेऊ नका. बुटाला चालतं ते इथं चालत नाही. पोराचे पाय दोन्ही ट्रकवर पोचत नाहीत, ते मधे उभं राहतं आणि बोर्ड त्याच्या ताब्यात येत नाही.

२२ इंची प्लॅस्टिकचा बोर्ड वेगात थरथरतो तो मात्र खरंच लांबीमुळे. व्हीलबेस इतका तोकडा की पायाची हलकी चुळबुळही वळण होते. तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला ठीक. लांब सपाट रस्त्यासाठी ३६ ते ४२ इंची लाँगबोर्ड घ्या, पण हिशेब ठेवा: ट्रक आणि झुकाव तोच असेल तर व्हीलबेस दुप्पट केला की वळणाचा घेरही दुप्पट. दहा फुटी बोळात तो एका दमात परत फिरवायला जड जातो.

व्हिडिओतल्या बोर्डवरून माप काढायचा मोह टाळा. असे व्हिडिओ बऱ्याचदा जमिनीलगत धरलेल्या फिशआय लेन्सने काढतात. जवळचं टोक फुगतं, दूरचं आकसतं.

इथं थांबा

हँगरवर किंवा तळपट्टीवर केसाएवढी जरी भेग दिसली तरी तो ट्रक संपला. हँगर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आणि आतला अ‍ॅक्सल पोलादी. वेल्डिंगवाला 'मारून देतो' म्हणाला तरी देऊ नका. शेजारचा भाग उष्णतेने कमजोर होतो आणि पुढच्या वेळी पूर्ण तुटतो. वाकलेला अ‍ॅक्सल हातोड्याने सरळ करू नका, नवा ट्रक घ्या. फळीच्या थरांत आडवी भेग असेल तर फेव्हिकॉल लावून उपयोग नाही.

अ‍ॅक्सल एका बाजूला सरकत असेल तर नट टोकाच्या पातळीला आणा, वर लाकडाचा तुकडा ठेवा आणि अलगद ठोकून मधे घ्या, एकदाच. परत सरकला तर लेथवाल्याकडे. खराब आटेही तिथंच काढून मिळतात. त्याला आट्याचं माप सांगा: पाच-सोळांश, इंचाला २४ आटे. मिलिमीटरची डाय चढवली तर अ‍ॅक्सल वाया.

तुटलेला किंगपिन काढायला प्रेस लागतो. घरी ठोकून तळपट्टी फुटते. नेताना तळपट्टी फळीवरून सोडवून एकटी न्या, आणि पिव्हट कप आधी काढून खिशात ठेवा.